मालकी मुरायला किती दिवस? अमेरिकेतल्या नव्वद दिवसांच्या नियमाची गोष्ट

आजचा भाग घरांबद्दल आहे, पण वास्तुशास्त्र किंवा गुंतवणुकीचे सल्ले असलं काही नाही. आज एका नियमाचा इतिहास सांगणार आहे. अमेरिकेत कुणी घर विकत घेतलं, डागडुजी केली आणि दोन महिन्यांत विकायला काढलं, तर घेणाऱ्याला कर्ज मिळताना एक प्रश्न हमखास येतो: विकणाऱ्याच्या नावावर हे घर किती दिवस आहे? नव्वद दिवस झाले नसतील, तर एका मोठ्या वर्गाच्या खरेदीदारांसाठी व्यवहार तिथेच थांबतो.

तिकडच्या धंद्यात याला ‘टायटल सीझनिंग’ म्हणतात. आपल्याकडे लोणचं मुरू द्यावं लागतं ना, तशी मालकी मुरू द्यायची. न्यू जर्सी, टेक्सासकडच्या आपल्या श्रोत्यांपैकी ज्यांनी तिकडे घर घेतलंय किंवा विकलंय, त्यांच्या कानावर हा शब्द आला असेल. दलाल हा नियम सांगताना ‘बँकांचा विक्षिप्तपणा’ म्हणून सांगतात. पण हा विक्षिप्तपणा नाही. या नव्वद दिवसांच्या मागे शिकागो, डेट्रॉइट आणि बाल्टिमोरमधल्या हजारो कुटुंबांचं नुकसान आहे. आणि नियम आल्यावरही घरं पटापट फिरवण्याचा धंदा थांबला नाही, त्याने पैशाचा दुसरा रस्ता शोधला. या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय नियम कळत नाही.

सुरुवात १९३४ पासून करू.

त्याआधी अमेरिकेत घरकर्ज म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षांची उधारी असायची. निम्मी रक्कम आधी भरायची, पुढे बहुतेक फक्त व्याज द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकदम. महामंदी आली, बँका बुडाल्या, मुदती वाढवून मिळेनात, आणि लोकांची घरं गेली. जून १९३४ मध्ये नॅशनल हाउसिंग अ‍ॅक्ट झाला आणि त्यातून फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, जन्माला आली. हिने स्वतः एक डॉलरही कर्ज दिलं नाही. तिने कर्जाचा विमा उतरवला. घेणाऱ्याने हप्ते थकवले तर बँकेचं नुकसान सरकारी निधी भरून देणार. त्या हमीवर बँका घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, वीस वर्षांच्या मुदतीने कर्ज द्यायला तयार झाल्या. पुढे डाउन पेमेंट आणखी खाली आलं आणि मुदत तीस वर्षांवर गेली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. विमा असल्यामुळे, घराची किंमत चुकीची लावली गेली तरी बँकेला फारसा चटका बसत नाही. चटका बसतो तो विमा निधीला आणि हप्ते भरणाऱ्या कुटुंबाला. म्हणजे सगळा डोलारा एका कागदावर उभा राहतो, तो म्हणजे घराचं मूल्यांकन. तो कागद खोटा निघाला की खेळ खलास.

दुसरी गोष्ट. ही हमी सगळ्यांना नव्हती. ज्या वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय राहत किंवा राहायला येण्याची शक्यता होती, त्या वस्त्या एफएचएच्या लेखी धोक्याच्या होत्या. तिथे विमा नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही. आणि जिथे बँक जात नाही, तिथे कोण जातं ते आपल्याला सावकारीच्या इतिहासावरून चांगलं माहीत आहे.

शिकागोमध्ये १९५० आणि ६० च्या दशकात हेच झालं. सट्टेबाज गोऱ्या कुटुंबांना घाबरवत: वस्ती बदलतेय, आत्ताच विका, उद्या मातीमोल होईल. ती घरं स्वस्तात उचलायची आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना ‘कॉन्ट्रॅक्ट’वर विकायची. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे हप्ते तुम्ही भरा, दुरुस्ती तुम्ही करा, कर तुम्ही भरा, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विक्रेत्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला की बाहेर, आणि भरलेले पैसे गेले. तेच घर पुढच्या कुटुंबाला पुन्हा विकायला मोकळं.

नॉर्थ लॉनडेल नावाच्या शिकागोच्या भागातल्या एका घराचं उदाहरण पुढे बरंच गाजलं. १९६१ मध्ये एका कामगार कुटुंबाने ते घर २७,५०० डॉलरला कॉन्ट्रॅक्टवर घेतलं. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतलेलं होतं. सहा महिने, आणि किंमत दुपटीहून जास्त. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, पुढे ते सरकारी नियमात जवळजवळ जसेच्या तसे भेटतील. शिकागोतल्या या व्यवहारांचा हिशोब ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला, तेव्हा सरासरी चढवलेली किंमत ८४ टक्के निघाली. म्हणजे शंभरला घेतलेलं घर १८४ ला.

त्या कुटुंबांनी गप्प बसणं नाकारलं हेही सांगायला हवं. १९६८ मध्ये कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग उभी राहिली. लोकांनी हप्ते देणं बंद केलं, कोर्टात गेले, आणि अनेकांनी आपले करार नव्याने लिहून घेतले.

त्याच वर्षी, १९६८ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये एक चांगल्या हेतूचा कायदा झाला. आता गरिबांना आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांनाही एफएचएचा विमा मिळणार. ‘कलम २३५’ खाली तर सरकार व्याजाचा एवढा भार उचलणार होतं की घेणाऱ्यासाठी दर एक टक्क्यापर्यंत खाली येऊ शकत होता. डाउन पेमेंट काहीशे डॉलर. तीस वर्षं बंद असलेलं दार एकदम उघडलं.

पण दारात उभे कोण होते? तेच जुने सट्टेबाज. पडकं घर काही हजारांत घ्यायचं, पुढच्या भिंतीला रंग मारायचा, एफएचएच्या मूल्यांकनकाराला लाच द्यायची आणि दुप्पट-तिप्पट किमतीचा कागद मिळवायचा. मग कल्याण योजनेवर जगणाऱ्या, मुलं एकटीने वाढवणाऱ्या बायका शोधायच्या, ज्यांना घराची तपासणी कशी करतात हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडायचा. छत गळायचं. दुरुस्तीला पैसे लागले की हप्ता चुकायचा. घर जप्त. विम्याचे पैसे बँकेला, सट्टेबाज केव्हाच पसार, आणि पडकं घर सरकारच्या गळ्यात. डेट्रॉइटमध्ये अशी हजारो रिकामी घरं सरकारच्या नावावर जमा झाली. मूल्यांकनकारांवर, दलालांवर, कर्ज देणाऱ्यांवर खटले झाले. शेवटी जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने अनुदानित घरांच्या योजनांना स्थगितीच दिली.

या सगळ्या प्रकरणावर इतिहासकार कियांगा-यमाता टेलर यांचं ‘रेस फॉर प्रॉफिट’ हे पुस्तक आहे. त्यांनी दाखवून दिलंय की दोष गरिबांना घर देण्यात नव्हता. दोष होता तो जोखीम घेणारा एक आणि नफा घेणारा दुसरा, या रचनेत. मला हे पटतं. विमा सरकारचा, कर्ज गरीब बाईचं आणि फायदा मधल्याचा.

आता थेट १९९० च्या दशकाच्या शेवटी जाऊ. शहर बाल्टिमोर. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या रो हाउसांचं शहर. इथे तोच खेळ पुन्हा रंगला, आणि या वेळी त्याला नाव मिळालं: फ्लिपिंग. तव्यावरची पोळी उलटतात तसं घर उलटायचं. सकाळी घेतलेलं घर त्याच आठवड्यात कितीतरी पट किमतीला. मूल्यांकन खोटं. डाउन पेमेंट नातेवाइकाने भेट दिल्याचं पत्र खोटं. पगाराचे कागद खोटे. आणि सगळ्याच्या शेवटी एफएचएचा विमा मात्र खरा.

फरक एवढाच की या वेळी शहरात आवाज उठवणाऱ्या संस्था होत्या. सेंट अ‍ॅम्ब्रोज हाउसिंग एड सेंटर, कम्युनिटी लॉ सेंटर यांनी गल्लीगल्लीतले खरेदीखतांचे कागद काढले आणि तारखा जुळवल्या. कुणी कधी घेतलं, कितीला घेतलं, किती दिवसांत विकलं. मेरीलँडच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी गृहनिर्माण खात्याच्या मागे लकडा लावला. २००० मध्ये सिनेटची सुनावणी खुद्द बाल्टिमोरमध्ये झाली.

त्यातून अधिकाऱ्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. खोटं मूल्यांकन पकडणं अवघड आहे, कारण घराची किंमत हे शेवटी एक मत असतं. पण तारीख हे मत नसतं, ती नोंदणी कार्यालयात लिहिलेली असते. खोट्या व्यवहारांची बहुतेक सगळी साखळी फार कमी दिवसांत पुरी होत होती. म्हणजे किंमत तपासता येत नसेल तर दिवस मोजा.

१ मे २००३ ला गृहनिर्माण खात्याने अंतिम नियम प्रसिद्ध केला, तो २ जूनपासून लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, विकणारा हा नोंदणीत मालक असलाच पाहिजे, आणि खरेदीचा करार मधल्यामध्ये तिसऱ्याच्या नावावर फिरवता येणार नाही. दोन, विक्रेत्याने घर ताब्यात घेतल्यापासून नव्वद दिवसांच्या आत पुढचा विक्री करार झाला, तर त्या खरेदीला एफएचएचा विमा नाही. तीन, ९१ ते १८० दिवसांच्या दरम्यान विकलं आणि किंमत दुप्पट किंवा जास्त असेल, तर दुसऱ्या मूल्यांकनकाराकडून दुसरा कागद आणा.

सहा महिने आणि दुप्पट किंमत. नॉर्थ लॉनडेलचं १९६१ चं ते घर आठवा. नियम लिहिणाऱ्यांसमोर तेच घर होतं असं मी म्हणत नाही. पण लुबाडणुकीचा आकार चाळीस वर्षांत फारसा बदलला नव्हता, एवढं त्यातून दिसतं.

वारसाने आलेलं घर, सरकारी संस्थांनी विकलेलं घर, नोकरीच्या बदलीमुळे कंपनीने घेतलेलं घर अशांना सूट होती. पुढे बँकांनी जप्त करून विकलेल्या घरांनाही ती मिळाली. पण घर घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या साध्या ठेकेदाराला नाही. प्रामाणिक असो की लबाड, दिवस दोघांनाही सारखेच मोजायचे.

आता पैशाकडे येऊ, कारण इतिहासाच्या पुस्तकांत हा भाग सहसा राहून जातो.

असं घर दुरुस्त करून विकणाऱ्याला स्वतःला कर्ज कोण देतं? साधी बँक देत नाही. घर मोडकं, मुदत चार-सहा महिन्यांची, आणि राहायला कुणी जाणार नाही. तिथे येतो तो ‘हार्ड मनी’वाला. हा खासगी सावकार. तो तुमचा पगार फारसा बघत नाही, घर दुरुस्त झाल्यावर कितीला जाईल ते बघतो. या धंद्यात सत्तर टक्क्यांचा एक ठोकताळा आहे: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के धरा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, उरेल त्याच्यापेक्षा जास्त देऊन घर घेऊ नका.

समजा, दुरुस्तीनंतर घर १,६०,००० डॉलरला जाईल. सत्तर टक्के म्हणजे १,१२,०००. दुरुस्ती ३०,००० ची. तर घर ८२,००० च्या आत मिळालं पाहिजे. तुम्ही ८०,००० ला घेतलं आणि सावकाराकडून एक लाख उचलले, वर्षाला १२ टक्क्यांनी, वर तीन टक्के आगाऊ फी. म्हणजे ३,००० डॉलर पहिल्याच दिवशी गेले आणि महिन्याला हजार डॉलर व्याज. कर, विमा, वीज धरून आणखी पाचशे. महिन्याला दीड हजाराचं मीटर चालू.

काम चाळीस दिवसांत संपलं. घर तयार, अंगणात पाटी लागली, एक तरुण जोडपं घ्यायला तयार आहे, पण त्यांचं कर्ज एफएचएचं. करारावर सही ९१ व्या दिवशी. म्हणजे ५१ दिवस तयार घर नुसतं उभं. साधारण अडीच हजार डॉलर गेले. सही झाल्यावर कर्ज मंजूर होऊन व्यवहार पुरा व्हायला आणखी महिना-दीड महिना, आणि मीटर थांबलेलं नाही. मग तो ठेकेदार काय करतो? रोख पैसेवाला गिऱ्हाईक आलं तर थोडं कमी घेऊनही त्याला देऊन टाकतो. जोडपं बसतं वाट बघत.

त्याहून वेगवान खेळ असतो तो मधल्या माणसाचा. मूळ मालकाशी करार करायचा आणि तो पुढच्याला जास्त किमतीत द्यायचा. एकाच दिवशी दोन व्यवहार: सकाळी अ ने ब ला विकलं, दुपारी ब ने क ला. पूर्वी क च्या पैशातूनच सकाळचा व्यवहार भागवला जायचा. ब च्या खिशातून काहीच जात नसे. २००८ च्या पडझडीनंतर टायटल कंपन्या आणि बँका याला नकार देऊ लागल्या. ब ने सकाळी स्वतःचे पैसे आणलेच पाहिजेत. मग एक दिवसाचं कर्ज देणारे निघाले. पैसे सकाळी येतात, संध्याकाळी परत जातात, आणि त्या काही तासांची टक्केवारी सावकाराच्या खिशात. पण क ला एफएचएचं कर्ज हवं असेल तर हे सगळं फुकट, कारण ब ची मालकी चार तासांची. म्हणून अशा साखळीच्या शेवटी बहुतेक वेळा राहायला येणारं कुटुंब नसतं, दुसरा गुंतवणूकदार असतो.

बरं, विकायचं नाही, घर ठेवून त्यावर कर्ज काढायचं म्हटलं तरी मुरण्याचा नियम सुटत नाही. फॅनी मे ही संस्था बँकांकडून घरकर्जं विकत घेते, त्यामुळे तिचे नियम सगळ्या बाजाराला लागतात. घराच्या किमतीवर रोख उचलायची तर सहा महिने मालकी हवी, असा तिचा नियम. एप्रिल २०२३ पासून, जे कर्ज फेडायचं ते किमान बारा महिने जुनं असावं, ही अटही आली. पण २०११ पासून त्याला एक अपवाद आहे: ज्याने घर पूर्ण रोखीने घेतलं, त्याला सहा महिने न थांबता, घातलेल्या रकमेपर्यंतचं कर्ज काढता येतं. म्हणजे ज्याच्याकडे रोख आहे त्याने पैसे घातले, लगेच परत काढले, पुढचं घर घेतलं. ज्याच्याकडे नाही त्याने बारा टक्क्यांनी सावकाराला पोसायचं. थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते.

सरकारलाही हे दिसलं. २००८ नंतर वस्त्यांमध्ये जप्त घरांची रांग लागली. रिकाम्या घरात पाइप चोरीला जातात, गवत वाढतं, शेजारच्या घराची किंमत पडते. ही घरं कुणीतरी घेऊन, दुरुस्त करून विकायलाच हवी होती. आणि त्याच काळात नव्या खरेदीदारांना परवडणारं कर्ज म्हणजे मुख्यतः एफएचएचं. म्हणजे दुरुस्त करणाऱ्यांची गरज आणि नियम समोरासमोर आले. १ फेब्रुवारी २०१० पासून नव्वद दिवसांचा नियम तात्पुरता शिथिल केला गेला. अट अशी की व्यवहार परक्या पक्षांमध्ये असावा आणि किंमत वीस टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर कर्ज देणाऱ्याने कारण दाखवावं, घराची तपासणी करून घ्यावी. ही सवलत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत चालली. मग जुना नियम परत आला, आणि आजही आहे.

त्याच २०१४ च्या जानेवारीत, डॉड-फ्रँक कायद्यातून आलेला दुसरा एक नियम लागू झाला. काही महागड्या कर्जांच्या बाबतीत, विक्रेत्याने नव्वद दिवसांत दहा टक्क्यांहून किंवा १८० दिवसांत वीस टक्क्यांहून जास्त किंमत लावली, तर दुसरं मूल्यांकन करा, आणि त्याचा खर्च खरेदीदाराच्या माथी मारू नका. मला ही पद्धत जास्त शहाणी वाटते. ती दिवस मोजते, पण दिवसांवर थांबत नाही. ती विचारते, किंमत का वाढली? नवं छत घातलं का? नवी वायरिंग केली का? दाखवा.

आपल्याकडे तुलना करायची तर म्हाडाची घरं आठवतात. सोडतीत लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. पण तिथे बंदी विकणाऱ्यावर आहे. अमेरिकेत विकायला कुणी अडवत नाही, आज घ्या, उद्या विका. अडवलं जातं ते घेणाऱ्याचं कर्ज. शिकागोचा, डेट्रॉइटचा, बाल्टिमोरचा घेणारा वाचावा म्हणून नियम झाला, आणि दाराशी थांबावं लागतं तेही त्यालाच.

मग नियम चुकीचा का? मला तसं म्हणवत नाही. २०१० ते १४ च्या सवलतीने दाखवलं की तपासणी नीट होत असेल तर दिवस कमी करता येतात. आणि १९६८ ते ७३ ने दाखवलं की तपासणीच विकाऊ असेल तर चांगल्यात चांगली योजनाही गरिबाच्या गळ्याचा फास होते. नव्वद दिवस हा विश्वासाला दिलेला पर्याय आहे. ज्या बाजारात मूल्यांकनाच्या कागदावर विश्वास ठेवता येत नाही, तिथे कॅलेंडरवर ठेवावा लागतो. तो कागद जितका खरा होईल, तितकं कॅलेंडर लहान करता येईल.

त्यामुळे तिकडे घर बघत असाल तर विक्रेत्याने ते कधी आणि कितीला घेतलं ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी ही नोंद काउंटीच्या कार्यालयात सार्वजनिक असते, आणि बाल्टिमोरच्या लोकांनी तेवढ्याच कागदांवर लढाई लढली होती. किंमत वाढलेली दिसली तर कामाच्या पावत्या मागा, स्वतःचा तपासनीस न्या, आणि तो काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय सही करू नका.